चुकांचे मटार

त्या गल्लीत घड्याळजीचं दुकान होतं, तरी लोकांना वेळ कळायची ती सरांच्या घरावरून. साडेपाच वाजले की पंधरा-वीस पोरापोरींच्या तोंडून एका सुरात ‘गो, वेंट, गॉन’ सुरू व्हायचं. ‘कम, केम, कम’ आलं की लाँड्रीवाला दिवा लावायचा. ‘राइट, रोट, रिटन’पर्यंत समोरच्या शिंपीणबाईंची मशीन बंद झालेली असायची. घड्याळजी स्वतःच म्हणायचा, माझं एखादं घड्याळ मागे पडेल, पण सरांचं ‘वेंट’ आजवर मागे पडलेलं नाही. असं तब्बल चौतीस वर्षं चाललं. आता घड्याळजीच्या जागी मोबाइलचं दुकान आलंय, लाँड्रीवाल्याचा मुलगा इस्त्री सोडून भलतंच काही करतो, पण गल्लीतल्या जुन्या माणसांना साडेपाचला कान टवकारायची खोड अजून आहे.

तर ही गोष्ट सरांची. पण खरी सांगायची आहे ती काकूंची. सरांची बायको म्हणून सगळी पोरं त्यांना काकू म्हणायची, पोरांचं ऐकून पोरांचे आईबापही काकूच म्हणू लागले. बाहेरच्या खोलीत इंग्रजीचं व्याकरण चालू असताना काकू भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मटार सोलत असायच्या.

आधी सरांची खोली बघू. दिवसा शाळा आणि संध्याकाळी हा घरचा क्लास, एवढाच सरांचा संसार, असं काकू चिडल्या की म्हणायच्या. खोलीत तीन चटया. चटयांसमोर सरांची लाकडी खुर्ची, तिच्यावर दुसरं कुणी कधी बसलं नाही. काकू रोज ती पुसायच्या, पण पुसून बाजूला व्हायच्या. मुलांच्या पाठीमागे, खुर्चीच्या बरोबर समोर, काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट. स्वतःची कपबशी कधी न विसळणारा हा माणूस दर रविवारी त्या कपाटाच्या काचा मात्र ओल्या वर्तमानपत्राने घासून-पुसून लख्ख करायचा. ‘पुस्तकांचा मान असतो,’ असं म्हणायचा. काकू मनात म्हणायच्या, कपबशीने काय घोडं मारलंय?

खुर्चीच्या उजव्या हाताला स्वयंपाकघराची भिंत. तिच्यातलं दार खुर्चीच्या जरा मागे, आणि ते नेहमी अर्धं उघडं. वाऱ्याने आपटू नये म्हणून सरांनीच त्याला एक जुनी, मोडकी लोखंडी इस्त्री टेकवून ठेवली होती. ती कुणी चार बोटं सरकवली तरी सर उठून पुन्हा जागेवर आणायचे.

सर कधी कुणावर ओरडायचे नाहीत. त्यांच्या हातात अर्धी लाल, अर्धी निळी अशी जाड पेन्सिल असायची. मुलाने वाक्य म्हणावं, आणि त्यात जितक्या चुका तितक्या वेळा पेन्सिल खुर्चीच्या हातावर आपटायची. टक्. टक्. दोन चुका. कुठे ते सांगायचे नाहीत, शोध म्हणायचे. चौतीस वर्षांत खुर्चीच्या त्या हाताला अंगठा बसेल एवढा खळगा पडला होता.

काळ शिकवायला त्यांच्याकडे भिंतीवरच्या तीन खुंट्या होत्या. पहिली भूतकाळाची, मधली वर्तमानाची, तिसरी भविष्याची. पावसाळ्यात येताना भिजलेली छत्री ते मधल्या खुंटीवर लावत. “पाऊस कधी पडला? मघाशी. थांबला पण. म्हणजे तो पहिल्या खुंटीवर, ‘इट रेन्ड’. पण छत्री अजून गळते आहे का? गळते आहे. खाली बघ, फरशी ओली आहे. जे झालं ते मघाशी, पण त्याचं पाणी आत्ता आपल्या पायाखाली आहे. हे सांगायचं असेल तर म्हणायचं, ‘इट हॅज रेन्ड’.” तिसऱ्या खुंटीवर कधीच काही नसायचं. कुणी विचारलं तर म्हणायचे, ती रिकामीच बरी दिसते.

पार्टिसिपलला मात्र पिशव्या लागायच्या. तिथे भलेभले गळपटायचे. सर दोन्ही हातांत दोन कापडी पिशव्या धरून उभे राहत. “तिने दार लावलं, ही एक पिशवी. ती बाजारात गेली, ही दुसरी. दोन वाक्यं, दोन्ही हात अडकले. आता ही पिशवी घडी करून तिच्यात टाक. ‘क्लोजिंग द डोअर, शी वेंट टु द मार्केट.’ आधीचं काम पुरतं संपवून मगच निघाली असेल तर ‘हॅविंग क्लोज्ड’. आपण नाही का म्हणत, दार लावून गेली? तसंच. पण एक सांभाळायचं. दार जिने लावलं, बाजारात तीच गेली पाहिजे. एकाची पिशवी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही.”

आणि मग सर तेच सगळं पुन्हा एकदा सांगायचे. पहिल्यापेक्षा मोठ्याने, अगदी सावकाश, आणि तोंड मुलांकडे नाही, उजवीकडे, भिंतीकडे करून. ही त्यांची पद्धतच होती. प्रत्येक नियम दोनदा, दुसऱ्यांदा भिंतीला. ‘आमचे सर भिंतींनाही पास करतात,’ अशी पोरांची थट्टा चालायची. शिंपीणबाईंनी तर एकदा येऊन सांगितलं होतं, “सर, जरा हळू शिकवा हो, मी बाही बसवायला घेते आणि तुमचं ‘हॅविंग’ कानात घुसतं.” सर ओशाळून हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच मोठ्याने बोलले.

आता काकूंची गोष्ट. लग्न झालं तेव्हा काकू वीस वर्षांच्या. शिक्षण आठवीपर्यंत, तेही आपल्या भाषेतलं. सरांनी त्याच वर्षी क्लास सुरू केला, आणि हौसेने नव्या बायकोलाही पहिल्या तुकडीत बसवलं. काकूंनी कोरी वही आणली, तिला कव्हर घातलं, दुपारी पाठांतर केलं. दोन महिने सगळं छान चाललं. मग एक दिवस सरांनी दोन वाक्यं दिली, ‘मी भात शिजवत होते’ आणि ‘पाहुणे आले’, आणि म्हणाले, जोड. काकू उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलायचं होतं. त्या घाईघाईने म्हणाल्या, “कुकिंग राइस, द गेस्ट्स केम.”

पेन्सिल आपटली नाही. सर खो-खो हसले. “अगं, म्हणजे भात पाहुण्यांनीच शिजवला की! शिजवत-शिजवतच आले!” वर्गातली पोरं हसून चटईवर लोळली. पहिल्या रांगेतला एक बडबड्या पोरगा तर पुढे चार दिवस पातेलं ढवळत ढवळत दारातून आत यायचा. सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना खरोखर ते वाक्य आवडलं होतं. त्यांनी ते शाळेत सांगितलं, शेजारी सांगितलं, काकूंच्या भावालाही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी काकूंनी कव्हर घातलेली वही सरांच्या पुढ्यात ठेवली. “मला नको तुमचं ते इंग्रजी.”

सरांनी वहीकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि म्हणाले, “बरं.”

बस. एवढंच. का नको, रागावलीस का, उद्या ये, काही नाही. काकूंना हसण्याचा जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या ‘बरं’चा आला. म्हणजे यांना काही फरकच पडत नाही! त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला, की या घरात आपल्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द निघणार नाही. आणि नाही निघाला. ‘थँक यू’सुद्धा नाही.

पण कानांना झाकणं नसतात. आणि काकूंचं डोकं, कुणाला कधी कळलं नाही, पण मोठं तल्लख होतं. अर्ध्या उघड्या दारातून रोज दोन तास जे आत यायचं ते साठत गेलं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांनी एक खेळ काढला. मटार सोलायला बसायचं, आणि पलीकडे कुणी चूक केली की, सरांची पेन्सिल आपटायच्या आत, एक दाणा वेगळ्या वाटीत टाकायचा. मग टकटक मोजायची. मटाराचा हंगाम नसेल तेव्हा घेवड्याचे दाणे, तेही नसतील तेव्हा नुसते तांदूळ. आधी आधी वाटी आणि पेन्सिल यांचा काही मेळ बसेना. सहाव्या वर्षी बसायला लागला. अकराव्या वर्षी लागोपाठ आठवडाभर वाटीतले दाणे आणि टकटक तंतोतंत जुळले. त्या दिवशी काकूंनी काही कारण नसताना गोड केलं. सरांनी विचारलं, आज काय आहे? काकू म्हणाल्या, काही नाही, साखर उरली होती.

पुढे पुढे तर वाटीत दाणे जास्त भरायला लागले. शाळेतून दमून आलेल्या सरांच्या हातून एखादी चूक निसटायची, काकूंच्या हातून नाही. आणि गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी सर आपणहून वर्गाला सांगायचे, “काल माझ्याकडून एक सुटली.” आणि बरोबर तीच सांगायचे. काकूंना वाटायचं, माणूस बाकी कसाही असो, प्रामाणिक आहे. अंथरुणावर पडल्यावर आठवत असेल बिचाऱ्याला.

मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. सर शाळेतून निवृत्त झाले. क्लास चालूच राहिला. काकूंचा खेळही.

मग एका सकाळी सर बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच कलंडले. मेंदूला झटका आला होता. बारा दिवस हॉस्पिटलात काढून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा, चाल फरफटती, आणि शब्द गेलेले. सगळे. फक्त एक शिल्लक राहिला होता. चहा हवा? “बरं.” दुखतंय? “बरं.” ही कोण, ओळखलं का? सर काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले, डोळे भरून आले, ओठ थरथरले आणि बाहेर पडलं ते, “बरं.”

काकूंनी देवाला, डॉक्टरांना, सगळ्यांनाच मनातल्या मनात विचारलं, राहायचाच होता एक शब्द, तर हाच राहायचा होता का?

आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीची बाई येऊ लागली. बाई तरुण, पण चांगली होती, जीव लावून करायची. चित्रांचे पत्ते काढायची. कप. कंगवा. किल्ली. “सर, हे काय आहे?” हजारो मुलांना शिकवलेला माणूस, तो कंगव्याचं चित्र बघून मान फिरवायचा. थेरपीवालीने काकूंना बाहेर नेऊन सांगितलं, “काकू, पहिले सहा महिने महत्त्वाचे असतात. नंतर येत नाही असं नाही, पण फार कमी येतं.” मुलीने फोनवर सांगितलं, “आई, सहा महिने बघू. नाहीतर ते घर बंद करून तुम्ही दोघं माझ्याकडे या. तू एकटी किती करशील?” काकू हो म्हणाल्या. पण त्यांना दिसत होतं, त्या खोलीतून, खुर्चीसमोरून उचलून नेलं तर हा माणूस कायमचा मुका होईल. आणि त्या लांबच्या घरात एका ‘बरं’सोबत उरलेले दिवस काढायचे, हे त्यांना नको होतं.

सरांचा पलंग बाहेरच्याच खोलीत, खुर्चीशेजारी टाकला होता. चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या. साडेपाच वाजले की सरांचे डोळे दाराकडे लागायचे. कुणी यायचं नाही. ते बघवेना, म्हणून एके संध्याकाळी काकूंनी कानाला लावलेला खडा विसरून एकट्यानेच सुरुवात केली, “गो...” आणि पलंगावरून आलं, “वेंट, गॉन.” स्वच्छ! काकूंच्या हातातून पाण्याचा पेला पडला.

थेरपीवाली म्हणाली, होतं असं. वर्षानुवर्षं घोकलेलं वेगळ्या कप्प्यात असतं, ते शाबूत राहतं. पण घोकंपट्टी म्हणजे बोलणं नाही. आणि ते खरंच निघालं. सर शंभर क्रियापदांची तिन्ही रूपं धडाधड म्हणायचे, आणि पाणी हवं असलं तर “बरं” म्हणून पेल्याकडे बोट दाखवायचे. असे तीन महिने गेले.

चौथ्या महिन्यात एक दिवस काकू फार दमल्या होत्या. अंगात कणकण होती. रोजचं म्हणणं चालू होतं आणि काकू पेंगत पेंगत म्हणाल्या, “राइट, रोट, रोट.”

टक्.

सरांचा डावा हात पलंगाच्या लाकडावर आपटला होता. चेहरा लालबुंद. “रिटन!” ते ओरडले. आणि मग, चार महिन्यांत पहिल्यांदा, शब्द शोधून, जुळवून, “नॉट रोट... रिटन!”

काकू खडबडून जाग्या झाल्या. आजारपणात हा माणूस बायकोला विसरला नव्हता, मुलीला विसरला नव्हता, पण नुसत्या मायेने त्याच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. चूक ऐकवली, की निघत होता. चूक तशीच सोडून देणं त्याला चौतीस वर्षांत जमलं नव्हतं, आता काय जमणार?

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना काकूंनी सगळा विचार केला. म्हणजे आता चुका करायला हव्यात. रोज. मुद्दाम. इंग्रजीत. ज्या खोलीत आपल्याला हसले त्याच खोलीत, ज्याने हसवलं त्याच्याच समोर, आपल्या हाताने पुन्हा हसू करून घ्यायचं. आजवर त्या घोकंपट्टीपलीकडे तोंडातून एक शब्द न काढता सांभाळलेला मान, तो असा काढून द्यायचा. काकूंना ते फार जिवावर आलं. कांद्याच्या नावाखाली त्यांनी जरा रडूनही घेतलं. मग हात धुतले आणि बाहेर जाऊन म्हणाल्या, “डॉक्टर कम यस्टरडे.”

टक्. “केम.”

चुकीचं बोलणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते करून बघावं. काकू रोज सकाळी दिवसभराच्या चुका ठरवायच्या. फार ढोबळ चूक केली तर सर वैतागून एका शब्दात उडवून लावत. म्हणून पहिला महिना काळांचा घेतला. “आय हॅव सीन हिम यस्टरडे,” असं म्हणायच्या. दिसायला बिनचूक, पण ‘काल’ म्हटल्यावर पहिल्या खुंटीवर जायला हवं. सर भिंतीवरच्या खुंट्यांकडे बोट दाखवत, घाम गाळत म्हणत, “सॉ... आय सॉ... यस्टरडे.” मग तीन-चार शब्द सहज येऊ लागल्यावर काकूंनी पिशव्या काढल्या. कारण काळ चुकला तर एक शब्द बदलून भागतं, पण पिशवी चुकीच्या हातात गेली की अख्खं वाक्य उसवून नव्याने शिवावं लागतं. “सिटिंग ऑन द बेड, द टी बिकेम कोल्ड,” काकू निरागस चेहऱ्याने म्हणाल्या.

सरांनी चहाच्या कपाकडे बघितलं, मग पलंगाकडे. “टी... नॉट सिटिंग,” ते म्हणाले. “आय... आय ॲम सिटिंग.” आणि अर्ध्या तोंडाने हसले. त्यांच्याबरोबर काकूही हसल्या, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले.

इंग्रजीपाठोपाठ आपली भाषाही एकेक पाऊल टाकत येऊ लागली. “पाणी.” “नको.” “खिडकी.” थेरपीवाली चकित झाली. पण भेटायला येणाऱ्यांना वेगळंच दिसायचं. त्यांना दिसायचं, की सर अंथरुणावर, आणि काकू शेजारी बसून मोडकंतोडकं इंग्रजी फाडताहेत. “एवढ्या मोठ्या सरांची बायको, आणि बघा,” अशी कुजबुज काकूंच्या कानावर यायची. शिंपीणबाईंनी तर प्रेमाने सांगितलं, “राहू द्या ना हो काकू, नाही जमत तर. कशाला उगाच?” काकू मूग गिळून गप्प बसायच्या. सांगितलं असतं आणि कुणी सरांसमोर बोलून गेलं असतं, की मुद्दाम चुकते ती, तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. मुद्दाम केलेल्या चुकीला सर कशाला दुरुस्त करतील?

सहावा महिना संपायला आठ दिवस होते. मुलीने तिकिटांचं विचारलं होतं. सरांचे शब्द यायचे, पण चूक पकडण्यापुरते. आपलं म्हणून एक वाक्य अजून आलं नव्हतं. त्या संध्याकाळी पहिल्या तुकडीतला तो बडबड्या पोरगा भेटायला आला. आता मोठा वकील झालेला, पोट सुटलेलं, आवाज तोच. फळं आणली, सरांच्या पाया पडला, मग खुर्ची रिकामी असूनही जुन्या सवयीने चटई उलगडून खाली बसला. माणूस वाईट नव्हता. पण गप्प बसणं त्याला वकील व्हायच्या आधीपासून माहीत नव्हतं.

काकूंनी त्याच्यासमोर दोन वाक्यं म्हटली, ठरल्याप्रमाणे चुकीची. त्या दिवशीचा पाठ चुकवायचा नव्हता. वकील मोठ्याने हसला. “काकू, तुम्ही काही बदलला नाहीत! सर, आठवतं का? ‘कुकिंग राइस, द गेस्ट्स केम’! आम्ही कोर्टात अजून सांगतो हो ते. पातेलं घेऊनच आले पाहुणे!” आणि त्याने बसल्या बसल्या हवेत पातेलं ढवळून दाखवलं.

काकूंचा चेहरा उतरला. चौतीस वर्षांपूर्वीच्या त्याच जागी आपण उभ्या आहोत असं त्यांना झालं. आता सरही हसतील, त्या मनात म्हणाल्या. हसू देत. हसले तर तेवढाच घसा मोकळा होईल.

टक्. टक्. टक्.

सरांच्या डाव्या हातात पेन्सिल होती. ती त्यांनी वकिलावर रोखली होती. “चूक,” ते म्हणाले. वकील अजून हसतच होता. “हो ना सर, केवढी मोठी चूक, पार्टिसिपलचं...”

“तुझी,” सर म्हणाले. छाती वरखाली होत होती. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा येत होता. “तिला... येतं. तिला... सगळं... येतं.”

वकिलाचं पातेलं हवेतच राहिलं. मग त्याने चटई गुंडाळली, काकूंकडे न बघताच “येतो” म्हणाला आणि काढता पाय घेतला.

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. सर स्वतःहून बोलले होते. चूक सुधारायला म्हणून नाही, त्यांच्या मनातलं. आनंदाने नाचावं अशी गोष्ट. पण काकूंच्या डोक्यात एकच घोळत होतं. मला येतं, हे यांना कसं माहीत? मी चुकते ती मुद्दाम, हे यांना ठाऊक होतं? आणि ठाऊक असूनही रोज घाम गाळून दुरुस्त करत होते?

“अहो,” त्यांनी विचारलं, “तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

सरांनी तोंड उघडलं, शब्द सापडेना. मग त्यांनी पेन्सिलीने खुर्चीकडे दाखवलं. “बस.”

“मी? तिथे?”

“बस.”

काकू बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा. कडेवर, परक्याच्या घरी बसावं तशा. अंधारून आलं होतं, स्वयंपाकघरात दिवा त्यांनी मघाशीच लावून ठेवला होता. सर समोर बघ म्हणून खुणावत होते. समोर पुस्तकांचं कपाट होतं. त्याच्या काचेत अर्धं उघडं दार दिसत होतं, दाराआतला दिवा, आणि दिव्याखाली त्यांचं टेबल. टेबलावर मटाराचं ताट. ताटाशेजारी सवयीने वेगळी ठेवलेली वाटी. इतकं स्वच्छ, की हात पुढे केला तर एखादा दाणा उचलता यावा.

दर रविवारी घासलेल्या काचा. चार बोटंही हलू न दिलेली इस्त्री. ‘काल माझ्याकडून एक सुटली.’ प्रत्येक नियम दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्याने, सावकाश, भिंतीकडे तोंड करून. काकूंना एकेक आठवत गेलं आणि त्यांना खुर्चीचे हात घट्ट धरावे लागले. अंगठा आपोआप त्या खळग्यात बसला.

“म्हणजे तुम्ही मलाच शिकवत होता,” त्या म्हणाल्या. “सगळी वर्षं. मग बोलला का नाहीत हो कधी?”

सर शब्द शोधू लागले. काकूंनी मधे पुरवला नाही. मुलगा अडखळला तर शब्द पुरवायचा नाही, थांबायचं, हे त्या याच खोलीतून ऐकून शिकल्या होत्या.

“तू,” सर म्हणाले, “नको... म्हणालीस.” मग श्वास घेतला. “मी... बरं... म्हणालो.”

काकूंना रडू आलं आणि रागही आला, दोन्ही चौतीस वर्षांचे. “अहो, मी एकदा नको म्हटलं! एकदा! दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं तरी होतं.”

सरांनी डाव्या हातातली पेन्सिल उचलली आणि पलंगाच्या लाकडावर आपली चूक मोजली. टक्.